जहाजांचा किराणावाला : सिंगापुरातले सहा दिवस

पहिला दिवस, गुरुवार

मुंबईहून रात्रीचं विमान. साडेपाच तासांचा प्रवास, त्यात घड्याळ अडीच तास पुढे पळालेलं. लेकाने चांगीवरून टॅक्सीने घरी आणलं तेव्हा आमची झोप आणि भूक दोन्ही वेळ चुकून बसली होती. घर सरकारी वसाहतीतलं, आठव्या मजल्यावरचं. समोरच्या खिडक्यांतून बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत घातलेले. आमच्या मिरजेत गच्चीवर दोरी, इथे हवेत काठी, एवढाच फरक.

संध्याकाळी पाय मोकळे करायला खाली उतरलो. बसथांब्यावर, इमारतींवर, बाजाराच्या पाटीवर एकच शब्द : व्हाम्पोआ. बाजारापाशी रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी मढवलेला भला मोठा ड्रॅगन आहे. पूर्वी त्याच्या तोंडातून कारंजं उडायचं म्हणे, आता तो कोरडाच तोंड वासून बसलेला असतो. मी लेकाला विचारलं, "व्हाम्पोआ म्हणजे काय रे?"

"एका चिनी व्यापाऱ्याचं नाव. जहाजांना किराणा पुरवायचा."

झालं. बावीस वर्षं मी आमच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसले आहे. परदेशात येऊन पहिल्याच दिवशी कुणी किराणावाला भेटेल आणि त्याच्या नावाने अख्खी वसाहत असेल, असं वाटलं नव्हतं. ह्यांना मात्र मरीना बेवरचं जहाजाच्या आकाराचं हॉटेल बघायचं होतं. "मेलेल्या वाण्याला शोधत फिरायला एवढं तिकीट काढलं का?" असं ते म्हणाले. जेवताना तह झाला : सकाळ माझी, संध्याकाळ त्यांची.

दुसरा दिवस, शुक्रवार

तेलोक आयर नावाच्या रस्त्यावर गेलो. मलय भाषेत तेलोक म्हणजे खाडी, आयर म्हणजे पाणी. आज तिथे पाण्याचा थेंब दिसत नाही, नुसते काचेचे टॉवर. पण एकोणिसाव्या शतकात समुद्र ह्या रस्त्याला लागून होता. शतकाच्या शेवटच्या दशकांत भराव घालून त्याला मागे ढकललं. मुंबईच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

१८३० साली ह्या किनाऱ्यावर हू आ के नावाचा पोरगा उतरला. वय चौदाच्या आसपास. चीनमधल्या कँटनजवळच्या व्हाम्पोआ बंदरातून आलेला, वडिलांच्या दुकानात हाताखाली काम करायला. दुकान ह्याच रस्त्यावर, गावाच्या नावावरून नाव : व्हाम्पोआ आणि कंपनी. गोऱ्या कप्तानांना हू आ के म्हणण्यापेक्षा दुकानाचं नाव सोपं गेलं असणार. माणसाला दुकानाचं नाव चिकटलं आणि शेवटपर्यंत निघालं नाही. आमच्या पेठेत 'डबेवाले', 'तेलवाले' अशी आडनावं पडलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

धंदा काय, तर जहाज बंदरात लागलं की त्याला मांस, पाव, भाजी पुरवायची. ऐकायला सोपं आहे. जहाज चार दिवस थांबणार, पुढे महिनाभर त्याला किनारा दिसणार नाही. माल खराब निघाला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडूही शकत नाही, समुद्रात उपाशी बसतं आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याकडे जातं. वर कप्तानाची उधारी. म्हणजे सगळा खेळ पतीचा. ह्या पोराने ती पत कमावली. इंग्रजी तो अस्खलित बोलायला लागला, ब्रिटिश आरमाराला माल पुरवण्याचं काम त्याच्याकडे आलं, हॅवलॉक रोडवर त्याने पावाची भट्टी घातली. वडिलांच्या मागे दुकान त्याने कितीतरी पटींनी वाढवलं.

रस्त्यावर दोन जागा बघण्यासारख्या. थियान हॉक केंग हे समुद्रदेवी माझूचं देऊळ, १८३९ ते १८४२ ह्या काळात बांधलेलं, फुकियन प्रांतातल्या लोकांचं. बोटीतून उतरलेला माणूस आधी इथे येऊन सुखरूप पोचल्याबद्दल नमस्कार करायचा. आणि थोडं पुढे फुक ताक ची, हे कँटनी आणि हक्का लोकांचं, १८२४ सालातलं. आता ते छोटं संग्रहालय आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. जुन्या रस्त्याचा छोटा देखावा मांडून ठेवला आहे : दुकानं, हमाल, आणि थेट पायरीशी आलेलं पाणी. आमचा पोरगा कँटनी, तेव्हा त्याचं देऊळ हे असणार, असा मी हिशेब केला. मधे नागोर दर्गा लागतो, तमिळ मुसलमानांचा. एका रस्त्यावर तीन किनाऱ्यांचे देव.

तिथून नदीच्या काठाकाठाने बोट की आणि क्लार्क की ('की' म्हणजे धक्का). पूर्वीच्या गोदामांत आता बिअरची दुकानं आहेत. दुपारच्या उन्हात ह्यांचा चेहरा पाहून मी घाबरत घाबरत म्हटलं, "इथे एक बर्फाचं गोदाम होतं." आणि काय आश्चर्य, हे थांबले.

१८५४ साली व्हाम्पोआने एका गोऱ्या भागीदाराबरोबर बर्फाचा धंदा काढला. बर्फ कुठला, तर अमेरिकेतला. बॉस्टनकडच्या गोठलेल्या तळ्यांवर करवतीने लाद्या कापायच्या, भुशात गुंडाळून जहाजात भरायच्या आणि अर्धी पृथ्वी ओलांडून विषुववृत्तावर आणायच्या. हाच बर्फ मुंबईला आणि कलकत्त्यालाही येत होता, मद्रासचं बर्फघर तर आजही समुद्रासमोर उभं आहे. इथलं गोदाम नदीकाठी हिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर होतं. पण गिऱ्हाईक पुरेसं मिळेना, वाटेत आणि गोदामात वितळेल ते वेगळंच. धंदा काही वर्षांतच बसला. इमारत मात्र १९८१पर्यंत टिकली, मग रस्तारुंदीत गेली.

ह्यांनी हे सगळं उभ्याने ऐकलं. मग कठड्यावर टेकले आणि म्हणाले, "वितळलेलं किती धरायचं, तेच कळत नाही बघ."

आमच्याही घरात ही गोष्ट आहे. वीस वर्षांपूर्वी ह्यांनी दुकानात आइस्क्रीमचा मोठा फ्रीजर आणला. कर्ज काढून. त्या उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं, रोज सहा सहा तास. मी बारदान ओलं करून झाकायची, शेजाऱ्यांच्या पोरांना बोलावून वितळायला लागलेले कप वाटायची. पोरं खूश. दिवाळीपर्यंत फ्रीजर पडेल भावाने विकला आणि पुढची तीन वर्षं हप्ते भरले. तेव्हापासून आमच्या घरात 'फ्रीजर' हा शब्द मोठ्याने कुणी काढत नाही. क्लार्क कीला तो ह्यांनी आपणहून काढला.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मरीना बे. दिवे छान होते.

तिसरा दिवस, शनिवार

सकाळपासून पाऊस. इथला पाऊस आपल्यासारखा रेंगाळत नाही, बादली उपडी केल्यासारखा तासभर ओततो आणि ऊन पडतं, पुन्हा ओततो. लेक आणि हे सेन्तोसाला गेले. मी सूनबाईबरोबर वाचनालयात. व्हाम्पोआबद्दल तिने इंग्रजीतून वाचून सांगितलं, मी वहीत उतरवलं. दुपारी तिने साबुदाणा भिजवला. साबुदाणा हा मुळात ह्याच भागातला, सागोच्या झाडाच्या गराचा. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर सागोच्या मालासाठी नावाजलेलं होतं. आपल्या उपासाला आज चालतो तो मात्र तमिळनाडूतल्या कंदाचा. गल्ल्यावर बसून मी किती पोती विकली असतील, पण हे माहीत नव्हतं.

चौथा दिवस, रविवार

नदीच्या मुखाशी सरकारी इमारतींचा जुना चौक आहे. आजचं एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम म्हणजे १८६७ साली पूर्ण झालेली सरकारी कचेरी. जुन्या संसदेसमोर एक काळा हत्ती उभा आहे, सयामचा राजा चुलालोंगकोर्न १८७१मध्ये इथे आला त्याची भेट म्हणून दिलेला. परदेशवारीला निघालेला तो पहिलाच सयामी राजा. हत्तीचा फोटो सगळे काढतात. आम्हीही काढला.

१८६७ हे साल इथे महत्त्वाचं. तोवर सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का ह्या तीन वसाहतींचा कारभार कलकत्त्याहून चालायचा. व्यापारी वैतागलेले : हिंदुस्थानातले कैदी इथे पाठवतात, आमचे डॉलर मोडून रुपया लादायला बघतात, आणि कलकत्त्याला समुद्र कुठे आहे हेही माहीत नाही. (कैद्यांची बाजू वेगळी आहे. जवळचं सेंट अँड्र्यूज कथीड्रल त्यांच्याच हातांनी उभं राहिलं. त्यांत मुंबई इलाख्यातूनही माणसं होती. त्यांची नावं कुठल्या बसथांब्यावर नाहीत.) १ एप्रिल १८६७ला वसाहती थेट लंडनच्या ताब्यात गेल्या आणि इथे कायदेमंडळ आलं. १८६९ साली गव्हर्नरने त्यात व्हाम्पोआला घेतलं. त्या मंडळात बसलेला पहिला चिनी, पहिला आशियाई माणूस.

हे ऐकून ह्यांनी विचारलं, "निवडून आला?"

निवडणूकच नव्हती. आपल्याकडे नगरपालिकेत स्वीकृत नगरसेवक असतात ना, तसं. त्यातही सरकारी अधिकाऱ्यांचं पारडं मुद्दाम जड ठेवलेलं, म्हणजे बिनसरकारी सभासदांनी कितीही बोलावं, मत मोजताना गव्हर्नर हरणार नाही. तेव्हा राजकारणी हा शब्द त्याला जरा सैल होतो, हे मला मान्य. पण त्या काळात सिंगापुरातली बहुसंख्य माणसं चिनी होती, आणि सरकारात त्यांची भाषा समजणारे गोरे बोटांवर मोजण्याइतके. बोटींतून कोंबून आणलेले मजूर, त्यांची कर्जं, त्यांच्यावर हुकमत गाजवणाऱ्या गुप्त टोळ्या, अफूच्या मक्त्यावर चाललेला सरकारी खजिना, ह्या सगळ्यावर कायदे करायचे तर सरकारला कुणीतरी दोन्हीकडचं कळणारा हवाच होता. चिनी कारभारासाठी वेगळं खातं निघालं ते १८७७ साली. तोवर सरकार काय करत होतं, तर व्हाम्पोआसारख्यांना विचारत होतं.

मला ह्यातलं एक ओळखीचं वाटलं. आमच्या सासऱ्यांना पेठेत कुठलंही पद नव्हतं. पण पोलिसांना कुणाचा पत्ता हवा असेल, कुणाच्या घरी वाटणीवरून भांडण झालं असेल, तर माणसं दुकानाच्या फळीवर येऊन बसायची. उधारीच्या वहीत ज्याच्याकडे सगळ्यांची नावं, त्याला गाव आपोआप कळतं. अर्थात ज्याच्या वहीत नाव असतं त्याला दुकानदार कसा वाटतो, हे वेगळंच प्रकरण. बोटीतून उतरलेल्या मजुराला हा रेशमी झग्यातला श्रीमंत माणूस आपला वाटत असेल का? मला शंका आहे. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही त्याच्या बाजूने आहात की विरुद्ध?" मी म्हटलं, मी फक्त हिशेब तपासते आहे.

मानमरातब पुढे आलेच. कार्यकारी मंडळावर घेतलं. १८७६ साली ब्रिटिश सरकारचा सी.एम.जी. हा किताब. चीन, रशिया आणि जपान ह्या तिन्ही देशांचा सिंगापुरातला वकील, म्हणजे कॉन्सल, एकच, हाच. आज हे तीन देश एका टेबलावर बसवायचे तर काय काय करावं लागेल! पण बंदराच्या दृष्टीने बघा : तिन्हींची जहाजं येणार, तिन्हींना पाव लागणार.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ॲडमिरल हेन्री केपेल त्याचा जुना स्नेही, बंदराला आज त्याचं नाव आहे. त्याने लिहून ठेवलंय की व्हाम्पोआने एका मुलाला विलायतेला शिकायला पाठवलं. पोरगा ख्रिस्ती होऊन आणि शेंडी कापून परत आला. बापाने त्याला तडक कँटनला रवाना केलं, शेंडी वाढेपर्यंत इकडे फिरकायचं नाही म्हणून. दिवसभर इंग्रजांत उठबस, रात्री त्यांना मेजवान्या, आणि घरात हे. आमचा लेक हे ऐकून नुसता हसला. त्याच्या हसण्यात काय होतं ते मला कळलं, कारण तोही बारावीनंतर जानवं काढून आला होता आणि घरात पंधरा दिवस अबोला होता.

पाचवा दिवस, सोमवार

सकाळी बोटॅनिक गार्डन्स. २०१५पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. राजहंसांचं तळं १८६६ सालचं. हिरवळीवर एक तेंबुसूचं झाड आहे, बागेपेक्षाही जुनं, त्याची एक जाडजूड फांदी जमिनीला समांतर आडवी पसरलेली. इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर पाठीमागे तेच झाड आहे. ह्यांनी नोट काढून झाडाशेजारी धरली आणि खात्री करून घेतली. दुकानदार माणूस, नोट तपासल्याशिवाय खिशात टाकत नाही. १८७७ साली लंडनच्या क्यू बागेतून रबराची रोपं आली ती इथेच, आणि मलायाचं सगळं रबर त्यातून वाढलं.

ही बाग १८५९ साली एका बागप्रेमी मंडळाने सुरू केली. आणि जमीन कुणाची, तर व्हाम्पोआची. पुष्कळ ठिकाणी हे अशा सुरात सांगतात की वाटावं त्याने ती दान केली. दान नव्हे, अदलाबदल. तांगलिनची ही जमीन त्याने सरकारला दिली आणि बदल्यात बोट कीवर जागा घेतली. शहराबाहेरचं रान देऊन नदीच्या धक्क्यावरची जागा, जिथे मालाचा प्रत्येक पडाव लागणार! हे कळल्यावर ह्यांनी बागेत मांडीवर थाप मारली. "अरे वा," म्हणाले, "सौदा बघ." चार दिवसांपूर्वी ह्याच माणसाला ते मेलेला वाणी म्हणाले होते.

पण झाडांचं त्याला खरंच वेड होतं. ते बघायला दुपारनंतर सेरंगून रोडवर निघालो. लिट्ल इंडियात जेवलो. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, पोटाला चार दिवसांनी ओळख पटली. पेरुमाळाच्या देवळात डोकावलो, १८५५चं आहे. मग रस्ता सरळ धरून बेंडेमियरपर्यंत.

इथे त्याचा बंगला आणि बाग होती, नाम सांग फा युएन. ठेंगणी करून, प्राण्यांच्या आकारात कातरलेली झाडं, पक्ष्यांची घरं, तळ्यात राणी व्हिक्टोरियाच्या नावाचं ते परातीएवढ्या पानांचं कमळ. चिनी नववर्षाला बाग सगळ्यांना खुली : चिनी, मलय, हिंदू, गोरे, कुणीही यावं. अख्खं गाव गाड्या जुंपून इकडे लोटायचं. आरमाराच्या अधिकाऱ्यांना जेवणाचं आमंत्रण असायचं ते इथलंच. व्हाम्पोआ २७ मार्च १८८० रोजी वारला. त्यानंतर सिया लियांग सिया नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याने बंगला घेतला आणि बेंडेमियर हे नाव दिलं. पुढे तोही कायदेमंडळात गेला, जणू त्या बंगल्याच्या उंबऱ्यातच काही असावं. १९६४मध्ये बंगला पाडून सरकारी घरांसाठी जागा मोकळी केली.

आम्ही तासभर फिरलो. उंच इमारती, खाली मोकळ्या जागेत म्हातारे पटावर सोंगट्या हलवत होते, एका बाईने कुंड्यांत कढीलिंब आणि मिरच्या लावल्या होत्या. कमळ कुठे असेल, तळं कुठे असेल, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. मागून काँक्रीटने बांधलेला नाला वाहतो, त्याचं नाव व्हाम्पोआ नदी. एक मोठी घोरपड काठावर ऊन खात पडली होती. ह्यांनी तिचाच फोटो काढला.

आणि त्याची समाधीही इथे नाही. शव कँटनला नेलं, व्हाम्पोआसमोरच्या डेन्स आयलंड नावाच्या बेटावर पुरलं. हे वाचून मी वहीवरून मान वर केली होती. त्याच बेटावर पारश्यांची जुनी दफनभूमी आहे. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन कँटनला जाणारे पारशी व्यापारी, ज्यांच्या पैशातून आपल्या मुंबईतली इस्पितळं आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांतले जे परत फिरले नाहीत ते तिथे आहेत. व्हाम्पोआ बंदराचं नाव मुंबईच्या पेढ्यांवर शंभर वर्षं रोजच्या तोंडी असणार. आपण ते साफ विसरलो, आणि मला ते सिंगापूरच्या बसथांब्यावर सापडलं.

सहावा दिवस, मंगळवार

विमान दुपारचं. बॅगांचं वजन भरून पाहिलं, दोन किलो जास्त. चहाची पाकिटं काढून लेकाकडेच ठेवली. टॅक्सीला अर्धा तास होता म्हणून हे म्हणाले, "चल, तुझ्या वाण्याच्या बाजारात कॉफी पिऊ." सहा दिवसांत एवढं शिकले होते की 'कोपी ओ कोसोंग' मागितली की बिनदुधाची, बिनसाखरेची मिळते. मधुमेहामुळे तेवढं पाठ झालं.

गाड्यावर सत्तरीतला चिनी आजोबा. गर्दी नव्हती. ह्यांनी आपल्या दुकानी इंग्रजीत त्याला विचारलं की हा व्हाम्पोआ कोण होता.

"व्हाम्पोआ? ही जागा, हीच."

"नाही, माणूस. माणूस." म्हणत ह्यांनी मोबाइल काढला आणि लेकाने पाठवलेला तो जुना फोटो त्याच्यासमोर धरला, चिनी पोशाखातला, खुर्चीत बसलेला. आजोबाने हात फडक्याला पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, बराच वेळ पाहिलं.

"तुमच्या ओळखीचे?"

"हो," हे म्हणाले. "आमच्याच धंद्यातले."